उद्यांची ‘थार’ : कांहीं तर्क, कांहीं हिशेब

‘थार’ नांवाची गाडी रस्त्यावरून गेली म्हणजे एकाच घरांतील तीन पिढ्यांना तीन निरनिराळ्या वस्तु दिसतात. आजोबांना ती जंगलखात्याच्या किंवा पाटबंधाऱ्याच्या साहेबाची जीप वाटते. वडिलांना तिची किंमत, तिच्यावरचा कर आणि डिझेलचा खर्च दिसतो. आणि नातवाला हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशीं चिखलांत उभी असलेली तीच गाडी दिसते. गाडी घ्यावयाचा विषय जेवणाच्या पंगतींत निघाला कीं या तिन्ही दृष्टि एकमेकींवर आदळतात, आणि अलीकडे त्यांत आणखी एका वाक्याची भर पडली आहे: “इतक्यांत घेऊं नये, नवी येणार आहे.” नवी कोणती येणार, केव्हां येणार, आणि तोंवर थांबणें शहाणपणाचें कीं नाहीं, याचा कांहीं उलगडा करितां आला तर पाहावा, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

गाडीच्या भविष्याविषयीं बाजारांत रोज नवी वावडी उठते. कोणी झांकलेल्या गाडीचें अंधुक छायाचित्र दाखवितो, कोणी विक्रेत्याच्या दुकानांतील नोकरानें सांगितलेलें कानावर घालतो. अशा वावड्यांवर विसंबण्यापेक्षां ही गाडी आजवर कां बदलली हें पाहणें अधिक बरें. कारखानदार हौसेखातर गाडी बदलीत नाहीं. त्याला बदलावयास कायदा लावतो, कर लावतो, प्रतिस्पर्धी लावतो, आणि कधीं कधीं गिऱ्हाइकाच्या घरांतील बायकामुलें लावतात. हे रेटे कोणत्या बाजूनें येत आहेत हें कळलें कीं उद्यांच्या गाडीचा आकार पुष्कळसा हातीं लागतो.

मूळ जीप ही घाईच्या पोटीं जन्मली. १९४० सालच्या जुलैंत अमेरिकन सैन्यानें १३५ कारखान्यांकडे विचारणा केली, कीं चारही चाकांना चालना असलेली हलकी गाडी ४९ दिवसांत तयार करून दाखवाल काय? मुदतींत गाडी नेऊन उभी केली ती बॅण्टम नांवाच्या एका लहानशा कंपनीनें. तिचा आराखडा कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानें काढला होता. पण लहान कारखान्याच्या आवांक्याविषयीं सैन्याला भरंवसा वाटेना, आणि मोठीं कंत्राटें विलीस-ओव्हरलॅण्ड व फोर्ड यांच्याकडे गेलीं. महायुद्ध संपेपर्यंत या दोघांनीं मिळून सहा लाखांवर जीपगाड्या केल्या. यांतील एक गोष्ट आम्हांस विशेष लक्षांत ठेवण्याजोगी वाटते. सैन्यानें प्रथम मागितलेलें १३०० पौंडांचें वजन एकाही कारखान्याला साधलें नाहीं, आणि शेवटीं सैन्यालाच अट सैल करावी लागली. वजनाची ही रड पुढें विजेच्या गाडीच्या वेळीं पुन्हां ऐकूं येणार आहे.

ही गाडी आपल्याकडे आली ती के. सी. महिंद्र यांच्यामुळें. युद्धकाळांत हिंदुस्थान सरकारच्या खरेदी-मंडळाचे प्रमुख म्हणून ते अमेरिकेंत होते. १९४५ सालीं लुधियाना येथें ‘महिंद्र अँड महंमद’ ही पोलादाची पेढी निघाली. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि पुढें १९५१ सालीं तेथील गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ सालीं पेढीचें नांव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालें. याच सुमारास मुंबईस माझगांव येथें विलीसच्या सुट्या भागांची जोडणी सुरू झाली. पुढें कित्येक वर्षें खेड्यांत सरकार आलें तें बहुधा जीपमधून आलें. तेव्हां आजोबांची आठवण खोटी नव्हे. आजची थार ही त्या माझगांवच्या जीपचीच पणती आहे, आणि तिचें जन्मस्थान नाशिक आहे.

‘थार’ हें नांव धारण करणारी पहिली गाडी २०१० सालीं निघाली. ताडपत्रीचें टप, मागें समोरासमोर दोन आडवे बाक, आणि सुखसोयींच्या नांवानें जवळजवळ शून्य, असें तिचें रूप होतें. ज्यांना ती आवडे त्यांना ती फारच आवडे. परंतु घरांतील चार माणसें बसवून देवदर्शनास जावें अशी ती गाडी नव्हती. २०२० च्या एप्रिलांत धुराविषयींचे भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि तिचें आयुष्य संपलें. म्हणजे पहिला मोठा बदल कायद्यानें घडविला. २ ऑक्टोबर २०२० रोजीं, कंपनीच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशीं, दुसरी थार बाजारांत आली. तिला पक्कें छत मिळालें, पेट्रोलचें इंजिन मिळालें, आपोआप गिअर बदलण्याची सोय मिळाली. त्याच वर्षीं ग्लोबल एनकॅपच्या टकरीच्या चांचणींत तिला चार तारे पडले. आडव्या बाकांचा एक स्वस्त प्रकार आरंभीं ठेवला होता, तो लवकरच मागें पडला. टकरीच्या वेळीं आडवें बसलेल्या माणसाला पट्टा पुरेसा सांवरूं शकत नाहीं, हें त्याचें कारण कोणालाही पटेल.

यानंतरचे बदल मात्र कायद्यानें नव्हे, तर कुटुंबानें घडविले. २०२३ च्या जानेवारींत केवळ मागच्या चाकांना चालना देणारी स्वस्त थार निघाली. तिची आरंभींची किंमत ९ लाख ९९ हजार होती. डोंगर चढण्याची गाडी, आणि तिचीं पुढचीं चाकें ओढीतच नाहींत! आमच्या एका स्नेह्यांनीं याची तुलना सोंवळें नेसून हॉटेलांत जेवण्याशीं केली होती. पण ती गाडी खपली, कारण घेणाऱ्यांपैकीं बहुतेकांना तिचा रुबाब हवा होता, डोंगर नको होता. १५ ऑगस्ट २०२४ ला पांच दारांची ‘थार रॉक्स’ आली आणि ऑक्टोबरांत नोंदणी उघडल्यावर पहिल्या तासाभरांत १,७६,२१८ जणांनीं नांवें घातलीं. भारत एनकॅपच्या चांचणींत तिला पांच तारे मिळाले. २०२५ च्या ऑक्टोबरांत तीन दारांच्या थारमध्यें जे फेरफार झाले त्यांची यादी पाहिली तर ती एखाद्या गृहिणीनेंच दिलेली वाटावी: काचा वरखालीं करण्याचीं बटणें मधोमध होतीं तीं दारावर आलीं, मागच्या माणसांना गार हवेच्या खिडक्या मिळाल्या, मागें पाहण्याचा कॅमेरा आला, टांकीचें झांकण आंतून उघडूं लागलें. पांच वर्षें ज्या बारीकसारीक गैरसोयींबद्दल लोक कुरकुर करीत होते त्यांची ही फेड होती.

आतां पुढें काय? उत्तर देण्यापूर्वीं या गाडींत न बदलण्याजोगें काय आहे हें पाहिलें पाहिजे. शहरांतील बहुतेक मोटारींचा सांगाडा आणि कवच एकजीव असतात. थारची गोष्ट निराळी. तिच्याखालीं पोलादाची शिडीसारखी चौकट आहे आणि वरचें घर त्या चौकटीवर बसविलेलें आहे. एक चाक खड्ड्यांत आणि दुसरें दगडावर अशा स्थितींत गाडी पिळवटली जाते. तो पीळ ही शिडी सोसते. दुसरी वस्तु म्हणजे मंदगति गिअरांची वेगळी पेटी. तिच्या योगानें इंजिनाचा जोर कित्येक पटींनीं वाढून चाकांपर्यंत पोंचतो आणि गाडी माणसाच्या चालीनें खडकावर चढूं शकते. तिसरी वस्तु डिफरन्शियलचें कुलूप. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावें लागतें म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनें फिरण्याची मुभा डिफरन्शियल देतें. पण त्याच मुभेमुळें एक चाक चिखलांत गरगर फिरतें आणि कोरड्या जमिनीवरचें दुसरें चाक स्वस्थ बसतें. कुलूप घातलें कीं दोघांनाही सारखें राबावें लागतें. (एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस याहून अधिक खुलासा नको.) चौकट, मंद गिअर आणि कुलूप, हीं तीन जोंवर आहेत तोंवर थार ही थार आहे; बाकी सारें अलंकार.

या कसोटीवर पुढचे तर्क घांसून पाहूं. कराचा विषय रूक्ष आहे, पण सर्वांत पक्का पुरावा तेथेंच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांहून कमी लांबीच्या आणि १५०० घनसेंटिमीटरांपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरील वस्तु-सेवा कर १८ टक्क्यांवर आला. पूर्वीं अधिभार धरून तो ३१ टक्के पडत असे. त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के लागूं झाले. तीन दारांची थार ३९८५ मिलिमीटर लांब आहे. म्हणजे मर्यादेच्या आंत केवळ दीड सेंटिमीटर! आणि तिच्या लहान डिझेल इंजिनाचें माप १४९७ घनसेंटिमीटर आहे. आतां गंमत अशी कीं हें लहान इंजिन चारही चाकांच्या चालनेसह मिळत नाहीं. चार चाकें हवीं तर २१८४ घनसेंटिमीटरांचें मोठें डिझेल किंवा दोन लिटरांचें पेट्रोल इंजिन घ्यावें लागतें, आणि त्याबरोबर ४० टक्के कर. लहान इंजिनाला चार चाकांची जोड दिली तर ती गाडी १८ टक्क्यांतच बसेल. कोंकणांत किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्या ज्या माणसाला खरोखर चार चाकें हवीं, त्याच्या खिशाला याहून मोठा दिलासा दुसरा नाहीं. कंपनी हें करील कीं नाहीं हें आम्ही छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. परंतु हिशेब इतका उघड आहे कीं कारखान्यांत तो कोणी मांडला नसेल असें वाटत नाहीं. तीन दारांची पुढची थारही चार मीटरांच्या आंतच राहील हें मात्र आम्ही जवळजवळ निश्चित समजतों.

रॉक्सपुरतें म्हणावयाचें तर एक उणीव सर्वांच्या डोळ्यांत आहे. तिला चार चाकांची चालना दिली ती डिझेलबरोबरच. पेट्रोलवाल्यांना ती सोय ठेवली नाहीं. थंड हवेच्या ठिकाणीं राहणारीं, वर्षाकांठीं थोडाच प्रवास करणारीं बरींच कुटुंबें पेट्रोल पसंत करितात. ही उणीव आज ना उद्यां भरून निघावी.

याच्या पुढचा प्रश्न खरा मोठा आहे. डिझेलचें काय होणार? कारखान्याच्या एकंदर गाड्यांनीं सरासरी किती धूर सोडावा याविषयींचे अधिक कडक नियम २०२७ च्या एप्रिलपासून लागू करण्याची सरकारची योजना आहे. जड आणि चौकोनी गाड्या विकणाऱ्या कंपनीला ही सरासरी खालीं आणण्यासाठीं विजेच्या गाड्या विकाव्याच लागतात. म्हणून २०२३ च्या १५ ऑगस्टला दक्षिण आफ्रिकेंत केपटाऊन येथें विजेच्या थारचा एक नमुना दाखविला गेला, आणि २०२५ च्या १५ ऑगस्टला मुंबईंत ‘व्हिजन टी’ या नांवाचा दुसरा. (नवी थार केव्हां दिसेल हें जाणण्यास पंचांगाची गरज नाहीं, हें एव्हांना वाचकांच्या ध्यानांत आलें असेलच.) ‘व्हिजन टी’च्या खालीं जो नवा सांगाडा आहे तो पेट्रोल, डिझेल, वीज अशा कोणत्याही शक्तीवर चालूं शकेल अशा बेतानें आंखला आहे, आणि त्यावरच्या गाड्या २०२७ पासून येऊं लागतील असें कंपनीनें सांगितलें. परंतु तो सांगाडा शिडीचा नाहीं; तो एकजीव आहे. तेव्हां या सांगाड्यावर ‘थार’ हें नांव चढलें तर तें कोणत्या अर्थानें चढेल, हा वाद आज जो चालू आहे तो केवळ हौशी पोरांचा समजूं नये.

वीज म्हटली कीं खडकावरची गाडी संपली, असें कांहीं जाणते बोलतात. तें आम्हांस पटत नाहीं. विजेची मोटर उभ्या जागेपासूनच पुरा जोर देते. मंद गिअरांची पेटी जें काम करिते त्यांतलें बरेंचसें ती एकटी करूं शकते. प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर दिली तर कुलुपाचीही गरज उरत नाहीं. जर्मनीच्या मर्सिडीज कंपनीनें २०२४ सालीं आपल्या जुन्या जी-वर्गाच्या गाडीची विजेवरची आवृत्ति काढली. तिनें शिडीची चौकट टाकली नाहीं, चार चाकांना चार मोटरी दिल्या, आणि पाण्यांतून जाण्याची तिची मर्यादा ८५० मिलिमीटर ठेवली. तिच्या डिझेल बहिणीची ७०० आहे! विद्युत् पाण्याला भिते ही समजूत येथें उलटी पडली. अर्थात् ती गाडी कोट्यधीशांची. आपल्याकडे अडचण आहे ती वजनाची, किंमतीची आणि भारणकेंद्रांची. महिंद्र कंपनी चाकण येथें ज्या विजेच्या गाड्या करिते त्यांत ५९ आणि ७९ किलोवॅट-तासांच्या बॅटऱ्या आहेत, आणि अशा बॅटरीचें ओझें शेंकडों किलोंत जातें. घाट चढतांना तिचा सांठा झपाट्यानें उतरतो. उतरतांना थोडा परत मिळतो, सगळा नाहीं. पुण्याहून महाबळेश्वरास जाणाऱ्यास हें चालेल. पण जेथें पावसाळ्यांत दोनदोन दिवस दिवे जातात तेथील डॉक्टराला किंवा शेतकऱ्याला डिझेलच बरें वाटेल, आणि त्याला आम्ही दोष देणार नाहीं. म्हणून आमचा अजमास असा, कीं शिडीची डिझेल थार आणि एकजीव सांगाड्याची विजेची थार या दोघी कांहीं वर्षें एकाच घरांत जावांसारख्या नांदतील.

प्रतिस्पर्ध्यांचा विचार केल्यावांचून हा तर्क पुरा होत नाहीं. मारुतीची जिप्सी १९८५ च्या डिसेंबरांत आली आणि तीन दशकांहून अधिक काळ टिकली. तिची जागा घेणारी पांच दारांची जिम्नी २०२३ च्या जूनमध्यें विक्रीस निघाली. खडकावर तिची बरोबरी करणें सोपें नाहीं. तरी येथल्या कुटुंबांनीं तिच्याकडे फारसें पाहिलें नाहीं, कारण ती रुंदीला १६४५ मिलिमीटर आणि बसण्यास चौघांची. तीच गाडी २०२५ च्या जानेवारींत जपानांत गेली, तर चार दिवसांत सुमारें ५० हजार मागण्या आल्या आणि नोंदणी थांबवावी लागली! ज्याची कदर घरीं झाली नाहीं त्याची परदेशांत झाली. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा पुढच्यामागच्या दोन्ही आंसांना कुलूप देते, आणि पाण्यांतून श्वास घेण्यासाठीं उंच नळकांडेंही देते. पण तिचा व्याप लहान आहे. गुरखाचें हें पुढच्या आंसाचें कुलूप थारनें उचलावें असें आम्हांस मनापासून वाटतें.

घरांतील वडील मंडळींच्या दृष्टीनें मात्र कुलुपापेक्षां पायरी महत्त्वाची. तीन दारांच्या थारचें पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर आहे, आणि मागें बसावयाचें तर पुढची खुर्ची वांकवून, वांकून, अंग चोरून आंत शिरावें लागतें. नऊवारी नेसलेल्या आजींना हें करावयास सांगणें म्हणजे त्यांना घरीं ठेवण्याचा सभ्य मार्ग होय. रॉक्सनें दोन दारें अधिक देऊन हा प्रश्न अर्धा सोडविला. चढण्याची उंची तशीच राहिली. आपोआप बाहेर येणारें पायदान, माणसें चढतांना गाडी थोडी खालीं बसावी अशी योजना, या गोष्टी मोटरविद्येंत नव्या नाहींत. परदेशच्या महाग गाड्यांत त्या आहेत. पुढच्या रॉक्समध्यें निदान पायदान यावें. छताला मोठी काच बसवितां येते, तर गुडघेदुखीच्या माणसासाठीं एक पायरी कां नये?

एक धोक्याची गोष्ट येथेंच सांगून टाकणें अवश्य आहे. थारची पाण्यांतून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितलेली आहे, आणि हा आंकडा पुष्कळांच्या डोक्यांत जातो. तो आंकडा स्थिर पाण्याचा. आषाढांत फरशीपुलावरून जें पाणी वाहतें तें गुडघाभर असलें तरी आडवें रेटतें. त्यांत रुंद चाकें कांहींशी तरंगूं लागतात आणि खालची फरशी वाहून गेली आहे कीं काय हें वरून दिसत नाहीं. भविष्यकाळच्या गाडींत पाण्याची खोली मापणारें यंत्र येईल. लॅण्ड रोव्हरनें तें पूर्वींच केलें आहे. पण प्रवाहाचा जोर मापून “थांबा” म्हणणारें यंत्र आम्हीं अजून पाहिलें नाहीं. घरांतल्या तरुणांनीं गाडी नवी आहे म्हणून ओढा ओलांडूं नये, आणि उंच गाडी वेगांत एकदम वळवूं नये. उंच बांध्याची गाडी बसक्या मोटारीपेक्षां लौकर कलंडते, हें कोणत्याही नव्या आवृत्तीनें बदलणार नाहीं. डोंगरपठारांवरून रानफुलें तुडवीत चाकें फिरविण्याच्या छंदाविषयीं आम्ही येथें लिहीत नाहीं. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

मग घ्यावी कीं थांबावें? शेतावर, घाटांत किंवा कच्च्या रस्त्याला रोजचें काम असेल तर थांबण्यांत अर्थ नाहीं. ज्या डिझेल गाडीच्या खोड्या पांच वर्षांत कळून सुधारल्या गेल्या ती नव्या सांगाड्याच्या पहिल्या वर्षाच्या गाडीपेक्षां भरंवशाची. गाडी शहरांतच फिरणार असेल, घरीं रात्रीं भारण्याची सोय असेल आणि सध्यांची मोटार आणखी दोन वर्षें रेटतां येत असेल, तर विजेच्या थारची वाट खुशाल पाहावी. मात्र पहिल्या महिन्यांत न घेतां दुसऱ्यांचे अनुभव ऐकून घ्यावी. आणि रॉक्सवर मन बसलें असेल तर दुकानांत जातांना घरांतील सर्वांत वृद्ध माणसाला बरोबर न्यावें, त्यांना मागच्या दारानें दोनदां चढावयास व उतरावयास लावावें, आणि मगच विसार द्यावा.